गुळाच्या पेठेतली काकवी

गुळाच्या पेठेत जन्मलेल्या मांजराला गूळ गोड लागत नाही, हे आमच्या धाकट्याला काही केल्या पटत नव्हतं. ते पडताळून बघायला त्यानं जो उद्योग केला, तो सांगणार आहेच. पण बाळांनो, आधी ती मांजर आमच्या घरात आली कशी, ते ऐका.

आषाढ होता. चार दिवस सूर्य दिसला नव्हता. जयंती नाल्याकाठची माणसं सकाळ-संध्याकाळ पाणी कुठवर आलं ते बघून येत होती. २०१९चा महापूर ज्यांनी बघितलाय, त्यांना असल्या पावसात झोप लागत नाही. आम्ही राहतो शाहूपुरीत. कोल्हापूरला रेल्वे आली १८९१ साली, आणि १८९५ साली शाहू महाराजांनी स्टेशनाच्या अंगाला ही व्यापारी पेठ वसवली. आसपासच्या गावांतल्या गुऱ्हाळांचा गूळ बैलगाड्यांनी इथं यायचा, सौदे व्हायचे आणि इथून लांबलांबच्या मुलखात जायचा. आता ते सौदे मार्केट यार्डात होतात. पण आमच्या गल्लीत तेव्हाची एक वखार अजून उभी आहे, कायम कुलूप लावलेली. पावसात तिच्या दाराशी गेलो की ओल्या लाकडातून मला अजून गुळाचा वास येतो.

त्या वखारीतून दोन दिवस बारीक आवाज येत होता. तो सगळ्यात आधी ऐकला माझ्या नातवंडांनी. थोरली दहा वर्षांची, धाकटा सहाचा. धाकटा मला हाताला धरून ओढत घेऊन गेला. "आबा, आत कोणतरी रडतंय." आम्ही दाराशी उकिडवे बसलो, तेवढ्यात दाराखालच्या फटीतून आधी एक नाक आलं, मग दोन कान आणि मग सगळं मिळून मुठीएवढं पिल्लू.

मुलं झडप घालणार, तोच मी दोघांना मागं ओढलं. पिल्लू एकटं दिसलं म्हणजे ते पोरकं असतंच असं नाही. आई शिकारीला गेलेली असते, उशिरानं का होईना, परत येते. आपण पिल्लू उचलून नेलं तर ती माउली हुडकत फिरते. म्हणून आम्ही समोरच्या ओट्यावर छत्री घेऊन बसलो. दुपार गेली, दिवे लागले, आई आली नाही. शेवटी थोरलीनं रेनकोटच्या टोपीत पिल्लू घेतलं आणि आम्ही घरी आलो. दारात यांची आजी उभी. तिनं टोपीत डोकावून बघितलं आणि म्हणाली, "एक रात्र राहू दे. उद्या बघू." हे उद्या अजून उजाडलेलं नाही.

जनावरांच्या डॉक्टरांनी पिल्लाचं तोंड उघडून दात बघितले आणि सांगितलं, पाच आठवड्यांचं असेल. मांजरालाही दुधाचे दात येतात. ते २६ असतात. ते पडून पुढं ३० पक्के दात येतात. धाकट्याचा पुढचा दात त्याच आठवड्यात पडला होता, त्यामुळे त्या क्षणापासून त्या दोघांचं नातं पक्कं झालं. पिल्लाचे डोळे तेव्हा निळे होते. पुढं दोन महिन्यांत ते मधासारखे पिवळे झाले. मांजराची पिल्लं डोळे मिटूनच जन्मतात, आठ-दहा दिवसांनी डोळे उघडतात. बुबुळात रंग भरायचं काम तेव्हा कुठं सुरू होणार असतं, म्हणून सुरुवातीला सगळ्यांचेच डोळे निळे दिसतात.

नाव ठेवायचा मान धाकट्यानं घेतला. त्यानं नाव ठेवलं गुळव्या. ज्यांनी गुऱ्हाळ बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. उसाचा रस काहिलीत उकळत असतो. पाक झाला की नाही, काहील नेमकी कधी उतरवायची, हे ठरवणारा जाणता माणूस म्हणजे गुळव्या. सगळा गूळ त्याच्या नजरेवर अवलंबून. धाकट्यानं शेजारीपाजारी सांगूनही टाकलं, आमच्याकडं गुळव्या आलाय.

मी पिल्लाला उजेडात धरलं. पोट पांढरं, पाठीवर काळे आणि नारिंगी डाग. मी म्हटलं, "गुळव्या कसला रे, ही तर मुलगी आहे."

"तुम्ही बघितलंच नाही तर!"

"पाठ बघितली की."

दोघं डॉक्टरांकडं धावली. डॉक्टरांनी शेपूट उचलून बघितलं आणि माझ्या बाजूनं निकाल दिला. परत येताना थोरली माझ्याकडं असं बघत होती, जसं मी टोपीतून कबूतर काढलंय.

यात जादू नाही, हिशेब आहे. आपलं शरीर ज्या बारीक बारीक पेशींचं झालंय, त्या प्रत्येक पेशीत ते शरीर कसं घडवायचं याच्या सूचना लिहिलेल्या असतात. त्या सूचनांच्या वह्यांना गुणसूत्रं म्हणतात. त्यातल्या एका वहीचं नाव एक्स. मादीकडं एक्स वह्या दोन असतात, एक आईची, एक बापाची. नराकडं एकच. आता मांजरात केस नारिंगी करायचे की काळे, हे नेमकं या एक्स वहीत लिहिलेलं असतं. बोक्याकडं वही एकच, म्हणजे तो नारिंगी तरी असणार किंवा काळा तरी. मादीकडं मात्र एका वहीत नारिंगी आणि दुसरीत काळा असं असू शकतं.

मग तिचं शरीर कुणाचं ऐकतं? इथं खरी गंमत आहे. मेरी लायन या इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञ बाईंनी १९६१ साली उंदरांच्या अंगावरचे डाग बघून हे कोडं उलगडलं. पिल्लू आईच्या पोटात अगदी इवलंसं असताना त्याची प्रत्येक पेशी दोनपैकी एक वही मिटून ठेवते. कुठली मिटायची याला नियम नाही, छापा की काटा. पण एकदा मिटली की त्या पेशीच्या पुढच्या सगळ्या लेकी तीच वही मिटलेली ठेवतात. ज्या जागी काळ्याची वही मिटली तिथं नारिंगी डाग, जिथं नारिंगीची मिटली तिथं काळा. म्हणून तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादी असते. क्वचित एखाद्या बोक्याला चुकून दोन एक्स मिळतात, तेवढाच अपवाद. पांढऱ्या रंगाचा हिशेब निराळा आहे. रंग भरणाऱ्या पेशी पिल्लाच्या पाठीकडून निघतात आणि खाली पसरत जातात. पोटापर्यंत पोचल्या नाहीत, तर पोट कोरं राहतं.

नारिंगीची ती सूचना एक्स वहीच्या नेमक्या कुठल्या ओळीत आहे, हे तर अगदी आत्ता, २०२५ साली जपानमधल्या आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी वेगवेगळं शोधून जाहीर केलं. एवढी हजारो वर्षं मांजर आपल्या मांडीवर बसतंय, आणि त्याच्या पाठीचं उत्तर मिळायला इतके दिवस लागले. मला याचा आनंद वाटतो. थोरलीला शोधायला अजून बरंच शिल्लक आहे.

थोरलीनं विचारलं, मग अगदी हिच्यासारखीच दुसरी करता येईल का? अमेरिकेत टेक्सासमध्ये २००१च्या डिसेंबरात असा प्रयत्न झाला. एका तिरंगी मांजरीच्या पेशीतल्या सूचना जशाच्या तशा घेऊन एक पिल्लू जन्माला घातलं. वह्या त्याच, अक्षर न् अक्षर तेच. पिल्लू निघालं तपकिरी पट्ट्यांचं आणि पांढरं, नारिंगीचा ठिपकासुद्धा नाही. ज्या एका पेशीवरून ते घडलं, तिच्यात नारिंगीची वही मिटलेली होती आणि ती मिटलेलीच राहिली.

तर असा गुळव्या बाद झाला. आजीनं नवं नाव सुचवलं, काकवी. पाक आळून गूळ व्हायच्या आधी काढलेला दाट रस म्हणजे काकवी. उजेडात धरली तर नारिंगी दिसते, भांड्यात काळी. सगळ्यांना पटलं. धाकट्याला मात्र एक शंका होती. आमच्या कोल्हापूरच्या पोरी "मी आलो, मी जेवलो" असंच बोलतात. थोरलीही तशीच बोलते. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "मुलगी असली तरी ती म्याव करताना 'मी आलो'च म्हणत असेल. म्हणून मला मुलगा वाटला."

श्रावण आला. नागपंचमीला आजीनं पुरणाचे दिंड केले. धाकट्याचा एक नियम आहे, आपण जे खातो त्यातलं अर्धं काकवीला. त्यानं दिंडाचा तुकडा तिच्यापुढं ठेवला. तिनं वास घेतला आणि पुढच्या पायानं जमीन खरवडून तो झाकल्यासारखा केला, मांजर घाण झाकतं तसा. आजीच्या पुरणाचा असा अपमान या घरात पूर्वी कधी झाला नव्हता. धाकट्यानं गुळाचा खडा आणला. काकवीनं तो पंजानं टोलवला, पलंगाखाली घालवला आणि त्याच्यामागं धावली. खेळायला चालला, खायला नाही. "तिला आवडत नाही" आणि "तिला कळतच नाही" या दोन गोष्टी वेगळ्या, असं मी सांगितलं. धाकटा हट्टाला पेटला. "गूळ कसा कळणार नाही? गूळ आहे तो!"

मग आम्ही तिघांनी रीतसर प्रयोग मांडला. दोन सारख्या वाट्या. एकीत साधं पाणी, दुसरीत गूळ विरघळवून गाळलेलं पाणी. गोडाचं तिला काही काम नाही, म्हणून फक्त चमचाभर. वाट्यांची जागा रोज अदलाबदल करायची, नाहीतर ती सवयीनं एकाच बाजूला जाईल. थोरलीनं वहीत तक्ता आखला. पाच दिवस चाललं. कधी डावी वाटी, कधी उजवी. गुळाकडं ओढा म्हणून काही दिसेना. मुंगळ्यांनी मात्र पहिल्याच दिवशी निकाल दिला होता. पाचव्या दिवशी काकवीनं गुळाच्या वाटीत पंजा बुडवला आणि तोच पंजा आजीच्या धुतल्या लुगड्यावर झटकला. प्रयोग तिथंच आटोपला.

गोडी जिभेवर कशी उमटते, ते ऐका. जिभेवरच्या रुचीच्या कळ्यांत जणू बारीक बारीक कुलपं असतात. गुळाची, साखरेची किल्ली त्या गोडाच्या कुलपात बसली की मेंदूला निरोप जातो, गोड! हे कुलूप दोन तुकडे जोडून होतं, आणि प्रत्येक तुकडा कसा घडवायचा याची सूचना वेगळी. अमेरिकेत फिलाडेल्फियामध्ये चव आणि वास यांचाच अभ्यास करणारी मोनेल नावाची संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी २००५ साली मांजराची ती सूचना वाचून बघितली. दोनातल्या एका तुकड्याच्या सूचनेतून २४७ अक्षरं गळून गेलेली. ओळच तुटली, तुकडा घडेना, कुलूप जुळेना. मग त्यांनी वाघाची आणि चित्त्याची सूचना वाचली. तिथंही तीच अक्षरं गळलेली. म्हणजे हे एकट्या काकवीचं दुखणं नाही. या कुळातला फार जुना पूर्वज कधीतरी गोडी हरवून बसला. पण तो निव्वळ शिकारी होता. मांस खाऊन जगणाऱ्याला फळ पिकलं की नाही हे कळून करायचंय काय? गोडी गेली म्हणून त्याचं काहीच अडलं नाही, पिल्लं वाढली, आणि ती तुटकी ओळ पिढ्यान् पिढ्या उतरत काकवीपर्यंत आली.

मला वाटलं, मुलं चकित होतील. थोरली झालीही. धाकट्याच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. "म्हणजे तिला दिवाळीला काहीच नाही?" त्या रात्री त्यानं स्वतःच्या वाटचा लाडू खाल्ला नाही.

त्याची समजूत काढायला मी सांगितलं की काकवीची जीभ मुकी नाही. मांसातली चव, कडू, आंबट तिला कळतंच. रविवारी पांढरा रस्सा शिजतो तेव्हा ती स्वयंपाकघराच्या दारात अशी बसते, जशी पंगतीला बोलावलीय. रस्सा मात्र आम्ही तिला देत नाही. कांदा आणि लसूण मांजराला बाधतात, त्यांचं रक्त बिघडवतात. तिच्यासाठी कोंबडीचे दोन तुकडे नुसत्या पाण्यात वेगळे उकडायचे, हे आता आजीच्या अंगवळणी पडलंय.

पण थोरली माझीच नात. झोपायला जाताना दारातून वळून म्हणाली, "आबा, गूळ तिला कळत नाही, तर तिची आई गुळाच्या वखारीत कशाला राहिली?"

मी म्हटलं, "याचं उत्तर मी देणार नाही. बघत राहा."

दुधाची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती निस्तरायला मलाच रात्री तीनदा उठावं लागलं. आमच्या मुलानं कौतुकानं गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावरून म्हशीचं धारोष्ण दूध आणलं. तिथं डोळ्यांदेखत धार काढून पेला हातात देतात, कोल्हापूरच्या पैलवानांची शरीरं त्या दुधावर पोसलेली. काकवीनं पोट टम्म होईपर्यंत ते चाटलं आणि रात्रभर तिचं पोट बिघडलं. मांजर आणि दूध ही जोडी आपण चित्रांत बघतो, म्हणींत वापरतो. खरं म्हणजे दुधातली साखर पचवायचं जे द्रव्य पिल्लाच्या आतड्यात असतं, ते अंगावरचं दूध सुटलं की कमी होत जातं. मोठ्या मांजराला पाणीच बरं.

त्यातून एक चांगलं झालं. ती पिते कशी, हे थोरलीला बघायचं होतं. तिनं पाण्याच्या वाटीशेजारी मोबाइल धरला आणि संथ गतीचा व्हिडिओ काढला. आम्ही सगळे माना घालून बघत बसलो. कुत्रा जिभेचा पळा करून ती पाण्यात बुडवतो. काकवीची जीभ पाण्यात शिरतच नव्हती! जिभेचं टोक मागं मुडपून ती त्याची वरची बाजू पाण्याला फक्त टेकवायची आणि झटकन वर ओढायची. जिभेला चिकटून पाण्याचा एक बारीक खांब वर यायचा आणि तो कोसळायच्या आत ती तोंड मिटायची. खांब वर चढत असतो, पृथ्वी त्याला खाली ओढत असते, आणि या ओढाताणीतला नेमका क्षण मांजराला कळतो. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये रोमन स्टॉकर नावाचे शास्त्रज्ञ एका सकाळी न्याहारी करताना आपल्या मांजराकडं बघत बसले आणि त्यांना हाच प्रश्न पडला. त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी वेगवान कॅमेऱ्यानं बघून २०१० साली सगळं गणित मांडलं. घरचं मांजर सेकंदाला चारेक वेळा असं चाटतं. वाघ-सिंहांची जीभ मोठी, म्हणून ते सावकाश चाटतात. आणि हो, मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात ना? आमच्या व्हिडिओत काकवीचे डोळे उघडे होते.

मग भाद्रपद. आमच्या शाहूपुरीतली कुंभार गल्ली गणपतीच्या दिवसांत नुसती बघायला जावं अशी असते. मुलांनी तिथून शाडू आणला आणि दोन दिवस खपून पाटावर वीतभर गणपती केला. हातात मोदक, पायाशी उंदीर. रात्री ओला गणपती पडवीत वाळायला ठेवला.

सकाळी धाकट्याच्या किंकाळीनं घर जागं झालं. पाटावरच्या ओल्या मातीत एका कडेकडून दुसऱ्या कडेपर्यंत पावलं उमटलेली. गणपती जागच्या जागी. मोदक जसाच्या तसा. उंदीर नाही! "आबा, काकवीनं बाप्पाचा उंदीर खाल्ला!" मातीचा उंदीर सापडला कपाटाखाली, एक कान तुटलेला. काकवी शेजारी बसून शेपटीचं टोक हलवत होती. थोरली मात्र पाटाकडं बघत गप्प उभी राहिली. मोदक ठेवला आणि उंदीर नेला, हे तिच्या मनात कुठंतरी नोंदलं गेलं असणार.

नवा उंदीर होईपर्यंत मी मुलांना ती पावलं वाचायला बसवलं. प्रत्येक ठशात चार बोटं आणि मागं गादी. पुढच्या पायाला खरं तर पाच बोटं असतात, पण पाचवं उंच असतं, जमिनीला टेकत नाही. नखाची खूण कुठंच नाही. गल्लीतल्या कुत्र्याच्या ठशात नखं स्पष्ट दिसतात. मांजर चालताना नखं म्यानात ठेवतं, लागतील तेव्हाच काढतं, म्हणून ती बोथट होत नाहीत. आणि पावलं मोजली तर निम्मीच! कारण पुढचा पाय उचलला की त्याच ठशात मागचा पाय पडतो. पुढच्या पायानं जागा चाचपलेली असते, मागच्यानं तिथंच जायचं, म्हणजे वाळलं पान वाजत नाही.

म्यान नसलेलं एक मांजर मात्र याच गावानं पाळलं होतं. कोल्हापूर दरबारात शिकारीसाठी चित्ते असत. त्यांना सांभाळणारे ते चित्तेवान. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी घालून त्याला गाडीतून माळावर न्यायचे आणि काळवीट दिसलं की टोपी काढून सोडायचे. पळताना जमीन पकडायला त्याला नखं लागतात, म्हणून ती पुरती झाकली जात नाहीत, ठशात उमटतात. आणि हा एवढा मोठा प्राणी डरकाळी फोडत नाही. लाडात आला की काकवीसारखा घुरघुरतो, सेकंदाला वीस-पंचवीस कंपनांची ती घुरघुर. आपल्या देशातला चित्ता नामशेष झाल्याचं १९५२ साली जाहीर झालं, आणि २०२२च्या सप्टेंबरात नामिबियातून आठ चित्ते कुनोच्या जंगलात आणले. त्या रात्री धाकटा काकवीच्या पोटावर कान ठेवून झोपला. झोपेत पुटपुटला, "चित्ता चालू आहे."

आश्विनात तिला उंचीचं वेड लागलं. एकदा ती कपाटाच्या माथ्यावर झोपली होती. झोपेत कूस बदलली आणि पाठीवर खाली आली. आम्ही सगळे श्वास रोखून बघतोय, तोवर ती चार पायांवर गादीवर उभी, जणू तिथंच यायचं होतं. धाकटा ओरडला, "पाठ टेकली नाही! कुस्ती चालू!"

खासबागेत कुस्त्या बघितलेल्या पोराला हे बरोबर सुचलं. पाठ टेकली की पैलवान चितपट, आणि मांजर पाठ टेकू देत नाही. पैलवान तरी प्रतिस्पर्ध्याच्या अंगाचा, जमिनीचा आधार घेऊन वळतो. हवेत धरायला काय आहे? फ्रान्समध्ये एतियेन-ज्यूल मारे यांनी १८९४ साली पडत्या मांजराची एकामागून एक भराभर छायाचित्रं घेतली, तेव्हा मोठमोठे पदार्थवैज्ञानिक बुचकळ्यात पडले. युक्ती अशी की मांजर स्वतःचाच आधार घेतं. त्याचा कणा कमरेत मुरडतो. आधी ते पुढचे पाय पोटाशी घेतं आणि मागचे लांब पसरतं. आखडलेली पुढची बाजू पटकन वळते, पसरलेली मागची उलटीकडं थोडीशीच सरकते. मग उलट करायचं, पुढचे पाय पसरायचे, मागचे आखडायचे, आणि मागची बाजू वळवून घ्यायची. आमच्या फिरत्या खुर्चीवर मुलांनी हात पसरून आणि आखडून बघितलं. आखडले की खुर्ची गरकन फिरते. पिल्लांना ही विद्या सहा-सात आठवड्यांत पुरती येते. पण बाळांनो, मांजराला मुद्दाम टाकून बघायचं नाही. उंचावरून पडून मांजरांचे पाय मोडतात, जबडे फुटतात. मारे यांची चित्रं आहेत, ती बघावीत.

आणि दिवाळी आली. पाडव्याच्या मुहूर्तावर नव्या गुळाचे सौदे झाले, आणि मी दरवर्षीसारखी एक ढेप घरी आणली. पिवळसर, वरून कडक, आतून मऊ. रात्री ती स्वयंपाकघरात फडक्यात गुंडाळून ठेवली. मध्यरात्री काहीतरी खुडबुडलं, एक भांडं पडलं, मग सगळं शांत.

सकाळी आधी थोरली गेली. "आबा, इकडं या. हळू या."

फडकं एका बाजूनं कुरतडलेलं. गुळावर बारीक दातांच्या दोन रेघा. शेजारी एक मेलेला उंदीर, आणि त्याच्याजवळ काकवी, पंजे पोटाखाली दुमडून. गुळाकडं तिनं ढुंकून बघितलं नव्हतं. थोरली काही बोलली नाही. आधी गुळाकडं बघितलं, मग उंदराकडं, मग खिडकीतून वखारीच्या दिशेनं. आणि मग तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते बघायला मी जवळजवळ तीन महिने थांबलो होतो.

"उंदरांना गूळ कळतो!"

उंदराचं गोडाचं कुलूप शाबूत असतं. मी धाकट्याएवढा असताना त्याच वखारीत जायचो. फरशी पायाला चिकटायची, गांधीलमाश्या घोंगावायच्या, आणि पोत्यांच्या थप्पीवर एक मांजर पसरलेली असायची. गुळाची राखण करायची तर ज्याला गुळाची गोडीच नाही असा राखणदार लाख मोलाचा. माणसानं शेती करून धान्य साठवायला सुरुवात केली तेव्हा असंच झालं. कोठारावर उंदीर आले, उंदरांमागून रानमांजरं आली. त्यांना कुणी पकडून आणलं नव्हतं, दाण्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं, म्हणून माणसानं त्यांना राहू दिलं. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचं एक दफन सापडलंय. माणसाच्या शेजारी हातभर अंतरावर एक मांजर, जेमतेम आठ महिन्यांचं. त्या बेटावर मुळात मांजरं नव्हतीच. कुणीतरी त्यांना होडीतून सोबत नेलं होतं.

थोरली ते सगळं वहीत लिहीत बसली, नागपंचमीच्या तक्त्याच्या खाली. आजीनं उंदीर सुपलीत घेऊन बाहेर नेला आणि ढेपेची कुरतडलेली बाजू जाडसर तासून टाकली. दुसऱ्या बाजूचा खडा फोडून धाकट्याच्या हातावर ठेवला. त्यानं सवयीनं त्याचे दोन तुकडे केले, एक काकवीपुढं धरला, तिनं हुंगायच्या आधीच हात मागं घेतला, आणि दोन्ही तुकडे तोंडात टाकले.